मुळे कशामुळे मेले? इंग्रजी शोधनिबंधात कारण लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मत्स्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे, राहणारी रत्नागिरीकडची. खाडीतल्या चार ठिकाणी दोन पावसाळे तिने मुळ्यांच्या, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या खाण्याच्या शिंपल्यांच्या, मरतुकीची नोंद ठेवली. जोराचा पाऊस झाला, खाडीच्या पाण्याची क्षारता उतरली आणि पाठोपाठ मुळे मेले. तिने लिहिलं, ‘हेवी रेनफॉल कॉज्ड मास मॉर्टॅलिटी ऑफ क्लॅम्स इन द क्रीक.’ मार्गदर्शकांनी ‘कॉज्ड’वर लाल गोल केला आणि समासात लिहिलं, ‘जरा सांभाळून.’ तिने सांभाळलं. नवं वाक्य झालं, ‘इट मे पॉसिबली बी सजेस्टेड दॅट हेवी रेनफॉल कुड परहॅप्स हॅव कॉज्ड सम मॉर्टॅलिटी.’ आता नियतकालिकाचा परीक्षक म्हणतो की लेखिकेला नेमकं काय म्हणायचंय तेच कळत नाही. तिचा प्रश्न: मग लिहायचं तरी कसं?

गेली पंचवीसएक वर्षं मी कोकणातल्या संशोधकांचे इंग्रजी मसुदे तपासतोय. आंबा, काजू, मासळी, खारजमीन, माकडताप, सगळं हातावरून गेलंय. विषय कुठलाही असो, ‘डिस्कशन’च्या दुसऱ्या पानावर हाच घोळ भेटतो. त्यात तुमच्या प्रश्नात भाषेनेच एक गंमत करून ठेवलीय. मुळे मेले, आणि ते कशा‘मुळे’ हे ठरत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकूया. ‘मे’ आणि ‘माइट’ हे नम्रतेचे शब्द नाहीत. मोठ्या माणसांसमोर आवाज खाली करून बोलावं तसं इंग्रजीत ‘मे’ घालावं, अशी आपल्याकडे समजूत आहे. म्हणून भीती वाटली की एक ‘मे’, जास्त वाटली की वर एक ‘पॉसिबली’. परीक्षकाला तुमच्या विनयाशी देणंघेणं नसतं. पुरावा कुठपर्यंत पोचतो आणि कुठे संपतो, एवढंच त्याला हवं असतं. तुमच्या दुसऱ्या वाक्यात संशयाचे पाच शब्द आहेत: मे, पॉसिबली, सजेस्टेड, कुड, परहॅप्स. पण संशय का आहे, याचा त्यात एक शब्द नाही. शिवाय तो ‘सम मॉर्टॅलिटी’. अहो, मेलेले मुळे तुम्ही चिखलात उभं राहून मोजलेत! मोजलेल्या गोष्टीला ‘सम’ कशाला? पाऊस हेच कारण का, यावर शंका घ्यायची होती, ती मरतुकीवर जाऊन बसली.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, हे आपल्याला शाळेत असल्यापासून माहीत आहे. निबंधात ते तीन तुकड्यांत लिहावं लागतं. कावळा बसला, हे पाहिलं. फांदी मोडली, हेही पाहिलं. दोन्हींच्या मध्ये जो सांधा आहे तो मात्र पाहिलेला नाही, तो आपण जोडतोय. शंकेचा शब्द त्या सांध्यावर लागतो, तोही एकच. कावळ्यावर नको, फांदीवर नको.

आता मराठी माणसाची खास अडचण सांगतो. आपली शंका क्रियापदाच्या पोटात असते. ‘क्षारता हे कारण आहे’, ‘असणार’, ‘असावं’, ‘असेल’, ‘असू शकतं’ या पाच पायऱ्या आपण विचार न करता चढतो-उतरतो. मालवणीत तर भविष्यकाळच दोन. ‘पाऊस येतलो’ म्हणणारा छत्री घेऊन निघालेला असतो. ‘पाऊस येयत’ म्हणणारा नुसता आभाळाकडे बघतोय. एवढी बारीक मापं घरात असताना इंग्रजीत उतरलो की ‘असावं’, ‘असेल’ आणि ‘असू शकतं’ तिन्हींना आपण एकच टोपी घालतो: ‘मे बी’.

ते बरोबर नाही. ‘असावं’मध्ये खूण पाहून काढलेला अंदाज असतो. अंगण ओलं दिसलं तर आपण म्हणतो, रात्री पाऊस पडला असावा. इथे इंग्रजीत ‘प्रॉबेबली’ किंवा ‘इज लाइकली टु हॅव’ लागतं. ‘असू शकतं’मध्ये वाट फक्त उघडी आहे, त्या वाटेने कोणी गेल्याची खूण नाही. तिथे ‘मे हॅव’ शोभतं. वाट उघडी असली तरी तुम्हाला स्वतःला ती फारशी पटत नसेल तर ‘माइट हॅव’. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की ते वाक्य आधी मराठीत म्हणा. तोंडातून ‘असावं’ आलं तर ‘मे’ लिहून स्वतःचं नुकसान करून घेऊ नका, आणि ‘असू शकतं’ आलं तर ‘प्रॉबेबली’ लिहून फुशारकी मारू नका.

‘कॅन’ आणि ‘मे’ यांचंही असंच आहे. मराठीत दोन्ही ‘शकतं’, म्हणून आपण अदलाबदल करतो. ‘लो सॅलिनिटी कॅन किल क्लॅम्स’ यात शंका मुळीच नाही. गोडं पाणी चढलं की शिंपला घट्ट मिटून घेतो आणि आत प्राणवायूशिवाय काही काळ तग धरतो. तो काळ लांबला की मरतो. हे सर्वसाधारण ज्ञान आहे, ‘कॅन’ त्याच्यासाठी. पण ‘लो सॅलिनिटी मे हॅव किल्ड द क्लॅम्स इन धिस क्रीक’ हे तुमच्या खाडीबद्दलचं, त्या दोन पावसाळ्यांबद्दलचं विधान आहे. पहिलं खरं म्हणून दुसरं खरं ठरत नाही. साप चावून माणूस मरू शकतो, पण समोरचा माणूस सापच चावून मेला का, हे वेगळं बघावं लागतं. ‘कुड हॅव’पासून मी मुलांना लांबच ठेवतो. ‘घडू शकलं असतं पण घडलं नाही’ असाही त्याचा अर्थ निघतो.

आता तुमचं वाक्य हातात घेऊ. आधी फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. ‘मॉर्टॅलिटी रोज ॲट थ्री ऑफ द फोर साइट्स आफ्टर द फॉल इन सॅलिनिटी.’ चारपैकी तीन ठिकाणी क्षारता उतरल्यानंतर मरतूक वाढली. एकही ‘मे’ नाही, कारण इथे शंकेला जागाच नाही. किती दिवसांनी वाढली ते तुमच्या नोंदवहीत असेल, तो आकडाही घाला.

मग सांधा. ‘लो सॅलिनिटी इज द मोस्ट लाइकली एक्स्प्लनेशन ॲट दीज थ्री साइट्स.’ लक्षात घ्या, ‘पाऊस’ मी काढला. पाऊस शिंपल्याला मारत नाही. पाऊस खाडीत गोडं पाणी आणतो, डोंगरावरची लाल माती आणतो, तळ ढवळतो, वरून काय काय वाहून आणतो. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, ‘पावसामुळे’ म्हणजे जवळजवळ ‘पावसाळ्यात’ असंच म्हणणं झालं. समुद्राच्या पाण्यात हजारी साधारण ३५ भाग क्षार असतात. भर पावसात खाडीच्या वरच्या अंगाला ते प्रमाण जवळजवळ शून्यावर येतं. तुम्ही क्षारता मोजलीय, तर बोट क्षारतेवरच ठेवा.

आणि मग तुमची खरी सावधगिरी, जी ‘परहॅप्स’मध्ये कधीच मावणार नाही: ‘बट सिल्टेशन, व्हिच वी डिड नॉट मेझर, मे हॅव काँट्रिब्यूटेड.’ गाळही कारणीभूत असू शकेल, आम्ही तो मोजला नाही. अख्ख्या परिच्छेदात ‘मे’ एकदाच आला, आणि तो का आला हे शेजारीच लिहिलंय. परीक्षक इथे वाद घालत नाही. फार तर म्हणेल, पुढच्या वेळी गाळ मोजा.

‘ॲट दीज थ्री साइट्स’ हे चार शब्द नीट पाहा. जागेची, काळाची, जातीची मर्यादा घालणं ही ‘मे’पेक्षा भक्कम सावधगिरी आहे. ‘या तीन ठिकाणी, या दोन हंगामांत’ असं म्हटलं की उरलेलं वाक्य बरंच ठाम ठेवता येतं. अनेकजण नेमकं उलटं करतात. ‘क्लॅम्स’ म्हणजे जगातले सगळे शिंपले घेतात आणि मग घाबरून ‘मे’ लावतात.

आपल्याकडच्या प्रबंधांतलं सर्वांत झिजलेलं वाक्य कुठलं, तर ‘धिस मे बी ड्यू टू’. त्याच्या पाठीला लागूनच येतं ‘सिमिलर रिझल्ट्स वेअर रिपोर्टेड बाय’ आणि मग पाच नावं. ही जोडी दिसली की मी पेन्सिल खाली ठेवून चहा मागवतो. यात ‘मे बी’ सावधगिरीसाठी नसतं, विचार थांबवण्यासाठी असतं. कारण एक सुचलं, पुढे ‘मे बी’ लावलं, सुटलो! दुसरं कुठलं कारण शक्य होतं, आपल्या आकड्यांनी त्यातलं कुठलं कापलं, हे काहीच नाही. हापूसच्या साक्यावरचे, म्हणजे फळाचा गर आतून खराब होण्याच्या विकारावरचे, मसुदे घ्या. साक्याला जमिनीची आणि उन्हाची धग, कॅल्शियमची कमतरता, कोयीची रुजण्याकडे होणारी वाटचाल अशी वेगवेगळी कारणं अभ्यासकांनी मांडली आहेत. त्यातलं एक उचलून ‘मे बी ड्यू टू’ लिहिण्यात काय अर्थ? कातळावरच्या आणि भाटीतल्या (मऊ मातीच्या जमिनीतल्या), दोन्ही बागांतल्या फळांत साका सारखाच निघाला असेल, तर निदान जमिनीच्या धगीवरचा भर कमी करायला हवा. ते लिहा की.

उलट टोकाचीही माणसं आहेत. ती ‘कॉज’ हा शब्द कटाक्षाने टाळतात आणि बाकी सगळीकडून कारण आत घेतात. ‘लेड टू’, ‘रिझल्टेड इन’, ‘ड्यू टू’, ‘इन्फ्लुएन्स्ड’, ‘रिड्यूस्ड’, ‘एन्हान्स्ड’ ही सगळी कारणवाचकच आहेत. शीर्षकातलं ‘इफेक्ट ऑफ’सुद्धा. ‘फॉलोइंग’ आणखी लबाड: म्हणायला नुसता क्रम, पण वाचणारा कारणच वाचतो. ‘वॉज ॲट्रिब्यूटेड टू’मध्ये तर कारण कोणी ठरवलं, लेखकाने की आधीच्या कोणी, हेच गायब. मसुदा पुरा झाला की एकदा फक्त क्रियापदांवरून बोट फिरवा. प्रयोग करून, चिठ्ठ्या टाकून गट पाडले असतील तर यातली बरीच चालतील. तुमच्यासारखं नुसतं निरीक्षण असेल तर ‘वॉज असोसिएटेड विथ’पासून सुरुवात करावी. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने तर लेखकांना वर्षानुवर्षं असं बजावलंय, की कारणाची भाषा फक्त यादृच्छिक चाचण्यांसाठी, बाकीच्यांनी संबंधाची भाषा वापरावी.

पण मला हा नियम पुरता पटत नाही. २०१८ मध्ये हार्वर्डचे साथरोगशास्त्रज्ञ मिगेल हर्नान यांनी एका लेखात यावर सरळ हल्ला चढवला. त्यांचं म्हणणं असं की संशोधकाला शोधायचं असतं कारण, आणि लिहितो मात्र ‘असोसिएशन’. शब्द बदलल्याने पुरावा सुधारत नाही, प्रश्न तेवढा धूसर होतो. खरंय. तुम्ही भर पावसात गुडघाभर चिखलात उतरलात ते ‘संबंध’ बघायला नव्हे, मुळे का मरतात हे कळावं म्हणून. मग प्रस्तावनेत तसं उघड लिहा: आम्ही कारण शोधत होतो. निकालात संबंध लिहा. चर्चेत सांगा की संबंधापासून कारणापर्यंत आम्ही कुठवर पोचलो.

हे अंतर मोजायला जुनी पण धड मापपट्टी आहे. १९६५ मध्ये ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी नऊ मुद्दे मांडले. संबंध किती बळकट, वेगवेगळ्या ठिकाणी तोच दिसतो का, कारण परिणामाच्या आधी घडलं का, मात्रा वाढली की परिणाम वाढतो का, वगैरे. त्यांना त्यांनी नियम म्हटलं नाही. यातला एकही मुद्दा सक्तीचा नाही, हेही बजावून ठेवलं. आपले लोक त्याची तपासणी-यादी करून नऊपैकी सात खुणा मारतात, ते सोडा. तुम्हाला त्यातले दोनच पुरतील. क्षारता आधी उतरली की मुळे आधी मरू लागले? आणि जिथे क्षारता जास्त दिवस खाली राहिली तिथे जास्त मेले का? दोन्हींना ‘हो’ असेल तर ‘मे’ काढून ‘लाइकली’ लिहायचा अधिकार तुम्ही कमावला.

‘लाइकली’वरून आठवलं. हा शब्द वाटतो तितका गरीब नाही. आपल्या हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकाच्या तळाशी छोटी कोष्टकं असतात. तिथे ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के शक्यता, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ५० ते ७५. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या अहवालात तोच ‘लाइकली’ ६६ टक्क्यांच्या वर सुरू होतो आणि ‘व्हेरी लाइकली’ ९० च्या वर. एकाच दिवशी दोन्ही वाचणाऱ्याने काय समजावं? १९५१ मध्ये अमेरिकी गुप्तचर विश्लेषक शर्मन केंट यांच्या अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘सिरियस पॉसिबिलिटी’ आहे असं लिहिलं होतं. नंतर त्यांनी ते वाक्य लिहिणाऱ्या सहकाऱ्यांनाच विचारलं, म्हणजे किती टक्के? उत्तरं २० पासून ८० पर्यंत आली. लिहिणाऱ्यांचंच एकमत नव्हतं! म्हणून जमेल तिथे आकडा द्या. विश्वासांतर (‘कॉन्फिडन्स इंटरव्हल’, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांच्या मध्ये असावा ती टोकं) देता येत असेल तर ते दहा ‘प्रॉबेबली’ंना भारी पडतं.

सावध भाषा पुराव्याबरोबर कशी चढते ते बघायचं तर याच आयपीसीसीचे अहवाल एकापुढे एक ठेवावेत. १९९५: एकूण पुरावा मानवी प्रभाव जाणवण्याजोगा असल्याचं ‘सजेस्ट’ करतो. २००१ मध्ये ‘लाइकली’. २००७ मध्ये ‘व्हेरी लाइकली’. २०१३ मध्ये ‘एक्स्ट्रीमली लाइकली’. २०२१ मध्ये ‘अनइक्विव्होकल’, म्हणजे निःसंशय. सव्वीस वर्षांत शंकेचा शब्द हळूहळू उतरवला आणि शेवटी काढून टाकला. १९९५ मध्येच ‘निःसंशय’ लिहिलं असतं तर ते चूक होतं. २०२१ मध्येही ‘मे’ लिहिणं तितकंच चूक ठरलं असतं.

आता माझीच एक चूक सांगतो. साक्यावरचा एक निबंध माझ्याकडे होता. चर्चा नीट लिहिलेली, मर्यादा सांगितलेल्या. सारांशाला २५० शब्दांची अट, आणि आम्ही अकरा शब्दांनी वर. रात्री उशिरा मी कात्री चालवली. ‘मे’ गेला, ‘इन द टू ऑर्चर्ड्स स्टडीड’ गेलं. अट पाळली गेली. पुढे एका स्थानिक पत्रात मथळा आला: साक्याचं कारण सापडलं. आठवड्याभरात एका बागायतदाराचा लेखकाला फोन, ‘मग फवारणी कसली करायची ते सांगा.’ निबंधात फवारणीचा ‘फ’सुद्धा नव्हता. लेखक मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक पाहणी आली होती. २० ब्रिटिश विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं मूळ निबंधांशी ताडून पाहिली. त्यातल्या सुमारे ३३ टक्के पत्रकांत कारणाचा दावा मूळ निबंधापेक्षा फुगवलेला होता. आणि पत्रक फुगलं की बातमी फुगण्याची शक्यताही वाढत होती. म्हणजे फुगा वार्ताहराच्या टेबलावर पोचतो तेव्हा त्यात आधीच हवा भरलेली असते. तेव्हापासून सारांशात जागा कमी पडली की मी पद्धतीचे तपशील कापतो, ‘मे’ कापत नाही.

नकाराबद्दल दोन वाक्यं. ‘नो सिग्निफिकंट इफेक्ट’ म्हणजे ‘नो इफेक्ट’ नव्हे, नमुने कमी असले तरी असं होतं. आणि ‘मे नॉट हॅव कॉज्ड’ हे वाक्य लिहूच नका, त्यातून कारण नाही असं म्हणताय की खात्री नाही म्हणताय, ते वाचणाऱ्याला दोनदा वाचूनही कळत नाही.

तुमच्या पत्रात शेवटी, जवळजवळ कंसात टाकावं तसं, तुम्ही लिहिलंय की चौथ्या ठिकाणी क्षारता तितकीच उतरली तरी मुळे फारसे मेले नाहीत, ‘म्हणून ते ठिकाण चर्चेतून वगळावं का?’ वगळू नका. तुमच्या अख्ख्या निबंधात तेच सर्वांत मोलाचं ठिकाण आहे. नुसती क्षारताच मारत असती तर तिथेही मारायला हवं होतं. तिथे काय वेगळं आहे? तळ वाळूचा आहे का, गाळ कमी साचतो का, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी किती वेळ उभं राहतं, मुळे काढायला बायका तिथे जातात का? त्यांना विचारा, त्यांना ते ठिकाण तुमच्या उपकरणापेक्षा जास्त दिवस माहीत आहे. मग त्या ठिकाणावर एक अख्खा परिच्छेद लिहा आणि तिसऱ्या परिच्छेदातलं ते ‘परहॅप्स’ खोडून टाका. परीक्षकाला उत्तर पाठवताना पहिला मुद्दा चौथ्या ठिकाणाचाच ठेवा.